मागच्या सीटची रुंदी

(ट्रॉय, मिशिगन. गाड्यांच्या शोरूमसमोरचं पार्किंग. सकाळ.)

उल्का : आमच्या नव्या गाडीचं पहिलं गिऱ्हाईक आत सह्या करतंय, आणि तुम्ही अजून म्हणताय छोटी गाडी इथे खपत नाही.

अरुणकाका : पस्तीस वर्षं याच भागात गाड्यांच्या सीट्स डिझाइन केल्या मी. लोक छोट्या गाडीचं कौतुक करतात आणि घरी ट्रक आणतात. तू चीफ इंजिनियर झालीस म्हणून ते बदलणार आहे का?

उल्का : काका, छोट्या गाडीत फॅमिली मावत नाही, म्हणून. आम्ही सुरुवातच मागच्या सीटपासून केली. मुलांना बांधून बसवायच्या तीन कार सीट्स शेजारी-शेजारी बसल्याच पाहिजेत. बाकी सगळं नंतर.

अरुणकाका : वरच्यांनी ऐकलं?

उल्का : कुठलं. गाडी स्वस्त हवी म्हणून जुन्याच मॉडेलचा सांगाडा वापरायला निघाले. म्हणजे मागे चार इंच कमी.

अरुणकाका : मग?

उल्का : मी मीटिंगला तीन कार सीट्स घेऊन गेले. व्हाइस प्रेसिडेंटला म्हटलं, खाली जुनी गाडी उभी आहे, स्वतः बसवून दाखवा.

अरुणकाका : अगं, काय हे.

उल्का : वीस मिनिटं झटला. कोट काढला, बोटं खरचटली. तिसरी बसेना. म्हणाला, तुला काय हवंय? म्हटलं, चार इंच. बदल्यात सनरूफ काढा, मोठी स्क्रीन काढा.

अरुणकाका : आणि नाही म्हणाला असता तर?

उल्का : प्रोजेक्ट गेला असता, कदाचित मीपण. पण मला खात्री होती. ती बघा, बाहेर आली. नर्स आहे, तीन मुलं.

अरुणकाका : धाकटं कडेवर, आणि मधली सीट एका हाताने बसवतेय.

उल्का : बसली.

अरुणकाका : हं. निघालीसुद्धा.

उल्का : काय झालं, काका?

अरुणकाका : नव्वद साली आमचीही अशीच एक गाडी होती. मागची सीट मी डिझाइन केलेली. वरच्यांनी एका मीटिंगमध्ये ती गाडीच बंद केली. सगळे आकडे माझ्यासमोर होते, पण तोंड उघडलं नाही. घरी येऊन बायकोला, वसुधाला सांगितलं, मार्केट नव्हतं.

उल्का : तेव्हा व्हिसावर होतात ना?

अरुणकाका : होतो. नोकरी गेली असती तर देश सोडावा लागला असता, आणि आमचा अमेय दोन महिन्यांचा. पण तू भांडलीस.

उल्का : माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, काका.