स्विस बंदूक बरी की इंग्रजी?

हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण उचलणार?

… बोल बाबा. … नाही रे, झोपले नव्हते. सकाळपासून सीलचं कातडं खरवडतेय. खांदे गळून पडलेत.

… पुन्हा तेच? अरे, दोन्ही जुन्या लष्करी बंदुका, दोन्ही माझ्याहून म्हाताऱ्या. भांडू दे ना त्यांचं त्यांना!

… बरं, सांग. … हो. … हो, हो. नेम धरून पाहिलास, तर स्विसच्या सगळ्या गोळ्या डब्याच्या झाकणाएवढ्या जागेत बसल्या? बसणारच. घड्याळं करणारी माणसं ती. … आणि इंग्रजीच्या? … बशीभर पसरल्या. मग? अस्वल काय बशीएवढं असतं?

… हसू नकोस, ऐक. कागदावर भोकं पाडायची असतील तर स्विस. … हो रे, गोळी भरायला बोल्टची मूठ नुसती सरळ मागे ओढायची, कळलं. पण तिचे भाग इतके घट्ट, की आत बर्फाची कणी गेली की रुसलीच. इंग्रजी जरा ढिली, खडखडते. म्हणून तर चालते. बर्फात गस्त घालणारे आपले रेंजर उगाच नव्हते तिला खांद्यावर मिरवत.

… 'आई' म्हणू नकोस. चिडलास की आई! माझ्या बापाचं नाव ठेवलंय तुला. आपल्यात ज्याचं नाव, तोच परत आलेला. तू बाबा, मी तुझी पोर. नाव तेवढं आलं, अक्कल वाटेत राहिली.

… माझ्या बापाची? त्यांची स्वीडिश. लांबून सीलच्या डोक्यात गोळी घालायचे. नेम चुकला असं आठवत नाही.

… आत्ता? तुझा तो दोस्त जोआनासी बर्फगाडी चालू करून उभाय? शिकारीला समुद्रावरच्या बर्फाच्या कडेपर्यंत जाणार? मग ने इंग्रजी आणि सोड मला…

थांब. तो खट् खट् आवाज कसला?

… बोल्ट? कुठं बसलायस तू? … स्वयंपाकघरात?! … दोन्ही? … कधी आणल्यास आत? … हं. चुलीजवळ. वर मांस उकळतंय. आणि तेलही दिलंस. शाब्बास.

… अरे, चार वर्षं ओटावात राहिलास आणि एवढंही विसरलास? गारठलेली बंदूक उबेत आणली की तिला घाम फुटतो. बाहेर गेलं की तोच घाम आत गोठतो, तेलही थिजतं. मग स्विस काय नि इंग्रजी काय, दोन काठ्या! उगाच ठेवतो का आपण बंदूक बाहेरच्या पडवीत?

… पुसल्यास? वरून पुसल्यास. आतलं कोण पुसणार?

… हो. माझ्या बापाचं असंच झालं होतं. … नाही, सांगितलं नव्हतं कधी. दक्षिणेकडचा एक पाहुणा होता घरी. मायेनं केलं बिचाऱ्यानं. त्यांची बंदूक आत घेतली, तेल घातलं, सकाळी हातात दिली. कडेला अस्वल आलं… बोल्ट उघडलाच नाही. एवढा नेम, काय चाटायचाय?

… नाही, रडत नाहीये. दमलेय. … बोल्ट काढ. कोरडे कर, तेलाचा थेंब ठेवू नकोस. बंदुका पडवीत ठेव. उद्या जा.

… जोआनासी हसेल? हसू दे! … अरे ऐक ना… मला भीती वाटते रे. एकदा बाप गेलाय माझा. दुसऱ्यांदा नाही पाठवणार.

… हॅलो? … आहेस ना?

… गाडीचा आवाज बंद झाला. तूच सांगितलंस त्याला? … काय म्हणालास? ऐकू नाही आलं, परत म्हण.

… 'नाही जात, पोरी.' हं. अगदी तस्संच 'पोरी' म्हणायचे ते.

ठेवते आता. दमलीय तुझी पोर, बाबा.