ताफ्यात दाखल होण्याआधी

शेजारी बसलेल्या बहीणभावाचं बोलणं ऐकायचं नाही, असं शिंपीणबाईंनी दवाखान्याच्या बाकावर ठरवलं होतं. पण कान कुठे ऐकतात!

“ताई, बाबा खरंच बोलले?”

“बोलले कसले, खेकसले! झटका आल्यापासून तोंडातून शब्द नव्हता. म्हटलं, माझी नवी अंतराळकथा वाचून दाखवावी. त्यात सगळ्या जहाजांच्या नावाआधी ‘अंनौज’ लावलंय. अंतराळ नौदल जहाज.”

“मग?”

“वाचलं, ‘गोदीत अर्धवट बांधलेलं अंनौज ध्रुवा चमकत होतं.’ तशी बाबांनी उशीवरून मान उचलली.”

“आणि?”

“‘गधडे! ताफ्यात दाखल झाल्याशिवाय अंनौज लागत नाही! तोवर नुसतं ध्रुवा म्हणायचं!’”

“एवढं लांब वाक्य?”

“एका दमात! नर्स धावत आली.”

“जन्म नौदलात गेलाय त्यांचा. तू मुद्दाम चुकलीस ना?”

“छे रे, खरंच चुकले.”

“मग बसून दुरुस्त कर की.”

आतून शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. बाई ढिम्म हलल्या नाहीत.

“वेडा आहेस का? पुढच्या प्रत्येक प्रकरणात तीच चूक आहे. संध्याकाळी दुसरं वाचणार आहे.”