फाटलेल्या पानापुढचं

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचीही तीच गत होती. त्यांचा धाकटा भाऊ टेबलावर सापडलेलं जुनं कॉमिक त्यांना वाचून दाखवत होता.

"ताई, तेच गं, आपल्या घरी होतं ते! लुकडा हेडमास्तरांची गाडी धुतोय."

"काच उघडी असेल बघ."

"सताड उघडी! सगळं पाणी आत."

"आणि आत हेडमास्तर झोपलेले!"

"मग पोरांची पळापळ. जाड्या कुंपणात अडकला."

"आपल्या कॉमिकचं पान इथेच फाटलं होतं रे."

"मीच चघळलं होतं म्हणे, रांगत असताना."

"मग पुढचं दादा सांगायचा. दर वेळी नवीन. एकदा तर जाड्याचं लग्नच लावलं त्यानं."

"ताई, यात शेवटचं पान आहे. वाचू?"

शिंपीणबाईंनी कान टवकारले.

"नको. मिट ते."

"अगं, लहानपणी रोज विचारायचीस, पुढे काय झालं म्हणून!"

"दादा सांगायचा म्हणून विचारायचे. तो गेल्यावर विचारलंय कधी?"

"नाही."

"तूच सांग आता. त्याच्यासारखं."

"मला कुठलं जमायला त्याच्यासारखं!"

"नाहीच जमणार. तरी सांग."

भावाने घसा खाकरला. "तर काय झालं, हेडमास्तर गाडीतच पोहायला लागले..."

"बाई, तुमचा नंबर आला," नर्सनं शिंपीणबाईंना हाक मारली.

"दुसऱ्या कुणाला तरी घ्या हो आधी," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.