उशाखालचे चाकू

...नाही, पण मला एक सांगा, चाकू ही काय शेजारी उसनी द्यायची वस्तू आहे? साखर द्या, वाटीभर रवा द्या, इस्त्री द्या, पाहुणे आले तर गादी द्या, पण चाकू? आणि तोसुद्धा हरिभाऊंचा? अहो, ज्या माणसाने कंपनीच्या छत्रीवर, मेहुण्याच्या घड्याळावर आणि थोरल्या भावाच्या लग्नातल्या सुटावर सगळं आयुष्य काढलं, त्याने एक वस्तू स्वतःची म्हणून जपायची ठरवली, एकच, तर ती कुठे असावी? बदलापूरच्या बाळांच्या उशाखाली! आणि वर जो तो म्हणणार, ‘लोखंडच तर आहे!’

तुम्हाला सांगतो, हरिभाऊ म्हणजे आमचे हरिचंद्र, कुळगावात आमच्याच चाळीत, त्यांच्या माझ्या खोलीला भिंत एकच. अंबरनाथला केमिकल कंपनीत स्टोअरमध्ये होते. स्वभाव असा, की कुणी पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणणार. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल, कंपनीत परदेशी मशीन आलं आणि ते बसवायला एक जर्मन फिटर आला. आता आला तर मशीन बसवावं, गप जावं! पण नाही. जेवणाच्या सुट्टीत हा बाबा खोक्यावर बसायचा, खिशातून घडीचा चाकू काढायचा, सफरचंदाची साल अशी लांबच्या लांब, न तुटता, एका दमात सोलायचा... मग पातं रुमालाला पुसायचा, सांध्यावर तेलाचा थेंब सोडायचा आणि चाकू मिटायचा. टक!

बस्स. तो ‘टक’ हरिभाऊंच्या डोक्यात बसला. बाकीचे त्या जर्मनाची गोरी कातडी बघत होते, बूट बघत होते, हरिभाऊ आपले डोळे मिटून ऐकतायत. टक! घरी येऊन वहिनींना सांगतात, ‘भागीरथी, काय आवाज होता गं!’ वहिनी म्हणाल्या, ‘कसला? दळण आणलंत का?’

लागलीच रविवारी हरिभाऊ उल्हासनगरच्या बाजारात. तिथल्या शेठने चाकूंची परातच पुढे ओतली. ‘साईं, देखो, घर का आदमी समझके दिखा रहा हूँ!’ आता लोक चाकू घेताना धार बघतात की नाही? हे एकेक चाकू उघडून कानाशी नेतायत, मिटतायत, मान हलवतायत. नाही. हा पण नाही. शेठ घाबरला हो, म्हणाला, ‘चाकू लेना है कि रेडिओ?’ शेवटी एक मिळाला. शिंगाची काळी मूठ, पितळी टोपण, पातं बोटभर. टक! हरिभाऊंच्या डोळ्यात पाणी. मग पुढच्या खेपेला लाल चाकू घेतला, त्यात कात्री, दात कोरायची काडी, बूच काढायचा स्क्रू, सगळा संसार. शेठ म्हणाला, ‘असली स्वित्झर्लंड!’ हरिभाऊंनी भोळेपणाने विचारलं, असाच निळा आहे का? तर म्हणतो, ‘पाच मिनट बैठो साईं, पीछे बन रहा है.’ नंतर माशाच्या आकाराचा एक पितळी आला, शेपटी ओढली की पोटातून पातं निघायचं. मग लाकडी मुठीचे आले. असं करत करत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा भरत आला, आणि डब्यात आतून मखमल! विठाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, ब्लाऊजपिसातली. त्यावरून घरात काय झालं ते सांगत नाही, भिंत एकच असल्याने मला सगळं पाठ आहे.

आणि निगा? अहो, निगा म्हणजे किती! पात्याला बोट लावायचं नाही, घाम लागतो, घामाने गंज चढतो. कापून झालं की लगेच पुसायचा, तोसुद्धा जुन्या बनियनच्या मऊ फडक्याने. सांध्यात शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब, दोन पडले की धूळ धरते. लिंबू कापायचं नाही. कांदा? नावच काढू नका! पावसाळ्यात इथली हवा तुम्हाला माहीत आहे, भिंतीला हात लावला तर हात ओला, तेव्हा रोज डबा उघडायचा, रोज पुसायचं. वहिनी एकदा म्हणाल्या, ‘मग याने कापायचं तरी काय?’ हरिभाऊ म्हणाले, ‘सफरचंद.’ वहिनींचा हात छातीवर, ‘का? कोण आजारी आहे?’ बरोबर आहे हो, आपल्याकडे सफरचंद घरात आलं की लोक आधी पत्ता विचारतात, कुठलं हॉस्पिटल?

पण हरिभाऊंचं ठरलेलं होतं. मला गॅलरीत सांगायचे, ‘रिटायर झालो ना, की दुपारी इथे खुर्ची टाकायची. एक सफरचंद. हा शिंगाच्या मुठीचा चाकू. साल एका दमात काढायची, पुसायचा, तेल, आणि टक! मग कुणी ऊठ म्हटलं तरी उठायचं नाही.’ एवढंच मागणं. बंगला मागितला? गाडी मागितली?

आणि इथे गोजरबाई शिरली.

गोजरबाई म्हणजे कुळगावातली सगळी पोरं हिच्या पायावर न्हालेली. मोठमोठे मिशीवाले बापे हिला बघून वाट सोडतात, कारण हिने त्यांना कशा अवस्थेत बघितलंय ते त्यांना ठाऊक. तर वरच्या मजल्यावरच्या शालनचं पोर एकसारखं रडायचं. गोजरबाईने बघितलं, दृष्ट काढली, आणि निकाल दिला, ‘उशाखाली लोखंड ठेव.’ आता हे काय नवीन नाही, घरोघरी ठेवतात. पण शालन म्हणाली, सुरी ठेवली होती मावशी, माझ्याच हाताला लागली. अडकित्ता ठेवला, सासऱ्यांची सुपारी अडली. तेव्हा गोजरबाईच्या डोक्यात उजेड पडला! खाली आली, वहिनींना म्हणते, ‘भागीरथी, तुझ्या मालकाकडं तो मिटाचा चाकू हाय ना? दे. मिटलेला असला म्हंजे पोराला लागाचा नाय, आन लोखंड ता लोखंड!’ हरिभाऊ ड्युटीवर. वहिनींनी डबा उघडला आणि सगळ्यात वरचा दिला. वरचा कुठला? शिंगाच्या मुठीचा!

संध्याकाळी हरिभाऊंनी डबा उघडला आणि मला भिंतीतून आवाज आला, आवाज म्हणजे, नुसता श्वास. मग वहिनींचा, ‘अहो, बाळासाठी दिलाय! लोखंडच तर आहे, झिजणार आहे का?’

वर शालनकडे आणायला गेले, तर गोजरबाई दारात. ‘हरी, उशाखालचा लोखंड मधीच काडाचा नाय. पोर चालाला लागला का मंग.’ हरिभाऊ म्हणाले, बरं, निदान पुसून ठेवतो. ‘हलवाचा नाय!’ पोराचा जीव एकीकडे आणि चाकू एकीकडे. हरिभाऊ उलट सॉरी म्हणून खाली आले.

आणि दुर्दैव बघा, ते पोर रडायचं थांबलं! नसतं थांबलं तर हरिभाऊ वाचले असते. पण ते थांबलं, गुटगुटीत झालं, हसायला लागलं, आणि कुळगावभर झालं, हरिभाऊंचा चाकू गुणाचा आहे! मग काय, लाइन लागली. लाल चाकू गेला, कात्री-स्क्रूसकट. मासा गेला. लाकडी मुठीचे गेले. आमचा सुदाम, युनियनचा पुढारी, दर सभेत अंधश्रद्धेवर असा तुटून पडतो की मागच्या रांगेतले लोक गळ्यातले ताईत आत घालतात, तो संध्याकाळचा इकडेतिकडे बघत आला. ‘हरिभाऊ, मी मानत नाही. मी अजिबात मानत नाही. पण सासूला झोप येत नाही हो... आणि लोखंडच तर आहे!’

पोर चालायला लागलं की परत येत असतील, असं वाटलं ना तुम्हाला? हरिभाऊंनाही वाटलं होतं. पण शालनचं पोर चालायला लागेपर्यंत तिच्या जावेला दिवस गेलेले! चाकू खालच्या खोलीत यायच्या ऐवजी जावेकडे. जावेकडून नणंदेकडे. माणसं बदलापुरात बदलीने येतात, जातात, पण चाकू आपले नात्यागोत्यात फिरतायत. मागायची सोय नाही, मागितलं की, ‘अहो, तान्ह्या बाळाच्या उशाखालचं काढून नेता?’ अशा नजरेने बघतात, जणू हरिभाऊ दूधच तोडायला आलेत.

आणि मला सांगा, बाळाची उशी ही काय कोरडी जागा आहे? तिकडे सगळा खेळ ओल्याचा! हरिभाऊंचा जीव तिळतिळ तुटायचा. पात्याला बोटाचा घाम लागू न देणारा माणूस, आणि तिथे... जाऊ दे. शेवटी त्यांनी मार्ग काढला. एक झबलं घ्यायचं, खिशात तेलाची बाटली आणि बनियनचं फडकं ठेवायचं आणि बाळ बघायला जायचं. आई चहा टाकायला आत गेली की बाळ उचलायचं, उशी वर, चाकू पुसायचा, थेंब सोडायचा, उशी खाली, बाळ खाली, ‘अले अले, गुलाम कुठला!’ चहा येईपर्यंत काम तमाम. आणि लोक काय म्हणायचे? ‘हरिभाऊंना लहान मुलांचं काय वेड आहे हो!’ एका घरी तर बाळाला उचलताना पकडले गेले, हाताला तेल, तर ती बाई कौतुकाने म्हणते, ‘मालीश पण करतात!’ आले दोन-चार घरी मालीश करून. करतात काय!

खंडेनवमीला सगळी चाळ आपापली हत्यारं मांडते, कुणी पाने, कुणी स्क्रू ड्रायव्हर, शिंप्याची कात्री, सुदामची सायकलसुद्धा. हरिभाऊंनी मखमलीचा रिकामा डबा मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मी पण नमस्कार केला.

मग त्र्याण्णव साली कंपनीलाच टाळं लागलं. रिटायर व्हायला अजून अवकाश होता, पण दुपार मात्र आली. रोजची आली. हरिभाऊ गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, हात मांडीवर, आणि मधेच अंगठा हलायचा, असा... मिटल्यासारखा. बघवायचं नाही हो. भागीरथीवहिनी कपडे वाळत घालता घालता तोंड फिरवायच्या. आपण दिला तो चाकू, हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण एकदा कुठूनतरी नवीन प्लॅस्टिकच्या मुठीचा घेऊन आल्या. हरिभाऊंनी उघडला, मिटला. आवाज आला ‘पुच्’. त्यांनी छान आहे म्हणून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तोसुद्धा कुणीतरी बाळासाठी नेला.

आणि अशात विठा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, गोड, काळीभोर, आणि रात्रंदिवस टाहो! गोजरबाई म्हणाली, ‘हरी, उशाखाली लोखंड ठेव.’ हरिभाऊंकडे बघतात सगळे. सगळ्या बदलापूरला लोखंड पुरवणारा माणूस, आणि घरात विळीशिवाय काही नाही! पण मी बघितलं, हरिभाऊंचा चेहरा उजळला. नातीसाठी मागायला काय हरकत आहे? आता तर हक्क आहे! त्यांनी चपला घातल्या, मला म्हणाले, ‘चला.’

शिंगाच्या मुठीचा शेवटचा पत्ता होता वांगणीला, शालनच्या नात्यातल्या शंकरकडे. शंकर म्हणतो, ‘तो? तो बहिणीकडं शिरगावला दिला ना! तिचा पोरगा लई रडतो.’ आलो उलटे शिरगावला. बहिणीची सासू आवडीबाई, पदर खोचून दारात उभी. हरिभाऊंनी अजीजीने सांगितलं, मुलगी बाळंत झाली, नात रडते, चाकू हवा होता. आवडीबाई म्हणते, ‘आवो, आमच्या पोराला दात येताव आता! असा कसा देऊ?’ हरिभाऊ म्हणाले, ‘माझाच आहे हो तो.’ तर ती माझ्याकडे बघून हसते, ‘सगली आसाच बोलतात!’

पण मुलीच्या बाळंतपणाचं ऐकून पाघळली. आतून फडक्यात गुंडाळून आणला आणि खाली जमिनीवर ठेवला, कारण पातं हातात दिलं की भांडण होतं ना! म्हणते, ‘बारसा झाला का परत आणून द्या. आन जरा तेलबिल घालीत जावा, तुमाला त्यातला काय कलतंय?’

तुम्हाला सांगतो, हरिभाऊ फक्त ‘सॉरी’ म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर त्यांनी फडकं सोडलं. शिंगाची मूठ पांढुरकी पडलेली. पितळ हिरवं. नख घातलं पात्याच्या खाचेत. ओढलं. मी ओढलं. एका सायकलवाल्याला थांबवलं, त्याने ओढलं. नाही! सांधा पार जाम, वर्षानुवर्षांचं बाळांचं सगळं आत मुरलेलं. बाटलीतलं तेल सगळं ओतलं, तरी नाही. हरिभाऊ कानाशी नेऊन उगाच दाबत राहिले. आवाजच नाही. पुच् पण नाही.

घरी आणला. गोजरबाईने बघितला, म्हणाली, ‘उघडत नाय? मंग तर लई बरा, पोराला लागाची भीतीच नको!’ ठेवला उशाखाली. आणि नात झोपली हो! अशी गाढ झोपली, की सगळी चाळ पाया पडायची बाकी राहिली.

बारशाला पाहुण्यांनी बाळंतिणीसाठी सफरचंदं आणली, टोपलीभर. आणि पाठोपाठ आवडीबाई हजर, झबलं घेऊन. बाळाला बघितलं, पेढा खाल्ला आणि हात पुढे केला. वहिनी पुढे झाल्या, पहिल्यांदाच हो, पदर कमरेला, ‘नाही द्यायचा. तो यांचा आहे.’ हरिभाऊ उठले, नातीला उचललं, उशीखालून चाकू काढला, सवयीने बनियनच्या फडक्याने पुसला, आणि आवडीबाईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

‘न्या,’ म्हणाले, ‘लोखंडच तर आहे.’

आणि टोपलीतलं एक सफरचंद घेऊन गॅलरीत जाऊन बसले... सालीसकट खाल्लं.