फळ्यावरचा शुद्ध शब्द

केसरबाई : मी म्हणतो, शेडच्या फळ्यावर लिहाची गरजच काय होती, प्रकाशभाऊ?

प्रकाश : गरज कशी नाही? संत्रा छाटाले, चांगला-नासका निवडाले बारा बाया बसवल्या, न मालतीबाईची टकळी सकाळपासून चालू. म्हणून लिहिलं, "मालतीबाई, वाचाळपणा बंद करा." वाईट काय लिहिलं?

केसरबाई : वाचाळ लिहिलं न.

प्रकाश : बडबडी लिहिलं त बरं दिसलं नसतं. शुद्ध शब्द शोधला, मान ठेवला बाईचा.

केसरबाई : चांगला ठेवला. बडबडी म्हटलं असतं त हासली असती ती. मी तिले रोजच म्हणतो, वटवट पुरे कर, चहा थंडा होऊन राहिला. ते मायेनं असते, बाप्पा. वाचाळ म्हणजे तोंडाले लगाम नाही, येईल ते वाईटसाईट बोलते. पंधरा वर्षांत तिनं कोणाची चुगली केली काय?

प्रकाश : नाही केली.

केसरबाई : तीन दिवस झाले, तोंड उघडून नाही राहिली. उद्यापासून आपलं शेड सोडून तिकडं सौसर गावच्या शेडवर कामाले जातो म्हणते.

प्रकाश : जाऊ द्या. इथं शांती त झाली.

केसरबाई : झाली न. पयले बायांचे कान तिच्या गोष्टीत राहत, डोळे संत्र्यावर. आता कान रिकामे, त एकेक जण मोबाईल काढून बसते. काल नासके संत्रे क्रेटमधे गेले. नागपूरवाल्या व्यापाऱ्याचा फोन कोणी घेतला?

प्रकाश : मीच घेतला. लय बोलला तो.

(मालती डब्याची पिशवी न्यायला आत येते.)

प्रकाश : मालतीबाई, थांबा. फळा पुसतो मी. माझं चुकलं.

मालती : बरं.

प्रकाश : बस, एवढंच?

मालती : घरी कोणी नाही, भाऊ. दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या. कोणासंगं बोलू? इथं आलो का जीव मोकळा होते. तेच तुमाले घाण वाटलं, लय लागलं मले.

प्रकाश : मले नाही समजलं हे. तुमची जागा बायांच्या मधातच हाय. बसा न.

मालती : तीन दिवसाचं साचलं हाय. सांगता सांगता संध्याकाळ होईन.

प्रकाश : होऊ द्या. केसरबाई, सरका जराशा, मीबी बसतो.