उजव्या गालावरचा उजेड

काकू, आक्का, नाट्यमंडळातले अण्णांचे सगळे सोबती, आणि लांबून आलेली तुम्ही माणसं,

बोलायला उभी राहिले खरी. ‘वसंतअण्णा गेले’ हे साधं वाक्य मी घरून निघाल्यापासून म्हणून बघतेय. अजून नीट म्हणता येत नाही. आणि खरं सांगू का? अण्णांबद्दल रडक्या आवाजात बोलायचं तरी कसं? ‘चहा आला’ एवढंसुद्धा हा माणूस लॉटरी लागल्यासारखं सांगायचा. काकू, खोटं बोलतेय का मी?

मी मंगल. मलकापूरची. मूर्ती घडवते, आणि इथं सांगलीत नाटकांसाठी पुतळे, मुखवटे करून देते. त्यातूनच अण्णांची ओळख झाली. माझा पुतळा स्टेजवर ठेवला की अण्णा खाली उभे राहून ओरडायचे, “मंगल, तू नाक बनवलंस, पन ते नाक दिसंल का न्हाई ते माझ्या हातात हाय!” आणि दिवे लावायला शिडीवर चढायचे. मंडळातल्या सगळ्यांनी अण्णांना पाहिलंय ते शिडीवरच.

त्याच शिडीवरून ते पडले. गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, चढायचं नाही. काही महिने अण्णा घरात बसून होते, आणि काकू म्हणाल्या, “मंगल, काहीतरी कर गं. घरात आवाजच न्हाई.” मी भेटायला गेले तर अण्णा भिंतीकडं बघत बसलेले. चहा आला, तरी काही बोलले नाहीत.

तेव्हा माझ्याकडं नवा कॉम्प्युटर आला होता. एका मैत्रिणीनं पुण्याहून एक सीडी आणलेली. त्या प्रोग्राममध्ये पडद्यावर माती घडवता यायची. माऊसनं ओढलं की नाक पुढं येतं, दाबलं की गाल बसतो. आणि त्यात दिवेसुद्धा होते! दिवा कुठं ठेवायचा ते आकड्यांत लिहायचं. उजवं-डावं, वर-खाली, पुढं-मागं. अशा सूचना एकाखाली एक लिहिल्या की त्याची स्क्रिप्ट होते. ती चालवली की दिवे आपापल्या जागी जाऊन उभे राहतात.

मी अण्णांना रिक्षात घालून माझ्या खोलीवर आणलं आणि हे दाखवलं. अण्णांनी मला तीन-तीनदा विचारलं, “म्हंजे मी लिहीन तितंच दिवा जानार?” हो. “उद्या परत चालवलं तरी तितंच?” हो अण्णा, तिथंच. “आनि शिडी?” शिडी नाही! अण्णांनी टेबलावर अशी थाप मारली की माऊस खाली पडला. “आगं मग सांगत का न्हवतीस इतके दिवस!”

झालं! दुसऱ्या दिवसापासून अण्णा माझ्या आधी दारात हजर. पहिली स्क्रिप्ट लिहिली. आमचा कॉम्प्युटर हळू. चित्र वरून खाली, ओळीओळीनं उतरायचं. अण्णा खुर्चीच्या टोकावर. चित्र उतरलं, आणि सगळा काळाकुट्ट अंधार! पुढं-मागंच्या आकड्याला उणे चिन्ह लागलेलं, दिवा डोक्याच्या पार मागं गेलेला. मी कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, “लय भारी! ह्यो अंधार मी केलाय!”

मंडळी, याच दिवसांत सिदरामाचं काम आलं.

सिदराम म्हणजे आपल्या या आक्कांचा मुलगा. जत तालुक्यातल्या गावचा, फौजेतला. सीमेवर गेला तो परत आला नाही. गावानं त्याचा अर्धपुतळा करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडं दिलं. फोटो म्हणाल तर कचेरीत काढतात तसला एकच, समोरून फ्लॅश मारलेला. एकदा धातू ओतला की बदल नाही, म्हणून मी चेहरा आधी कॉम्प्युटरवर केला आणि आक्कांना बघायला बोलावलं.

आक्का आल्या. पडद्यासमोर बसल्या. बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यो माजा न्हाई.”

मी गाल बदलले. “न्हाई.” हनुवटी बदलली. “बाई, आता तर लईच दुसरा झाला.” काय करायचं? आईला सांगायचं का, की फोटोत असाच आहे म्हणून?

मागं अण्णा बसलेले. ते पुढं आले आणि म्हणाले, “मंगल, पयलं होतं तसं कर. माती सोड आता. दिवा बघू.” मग खुर्ची ओढून आक्कांच्या शेजारी बसले. “आक्का, तुमी त्येला जवळनं कवा बघायच्या?”

आक्का म्हणाल्या, “जेवताना. सुट्टीवर आला की चुलीपाशीच बसायचा. ह्या गालावर जाळाचा उजेड.” आणि त्यांनी आपल्या उजव्या गालावर हात ठेवला.

अण्णा उठलेच! वरचे दिवे सगळे काढले. एकच दिवा, खाली, उजवीकडं, तांबूस. दुसरा अगदी मंद, डावीकडून, दारातून येतो तसा. स्क्रिप्ट चालवली. चित्र उतरायला लागलं. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. डोळे आले. गाल आला. आणि आक्का कानडीत बोलल्या, “हौदु... हौदु.” मग आमच्याकडं वळून, “व्हय. ह्योच. ह्योच माजा सिदू.”

मंडळी, नाकाचं टोकसुद्धा मी बदललं नव्हतं! माती तीच. फक्त उजेड बदलला.

अण्णा नाचायचेच बाकी होते. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, “पन आवं, चौकात कुटली आलीया चूल?”

खरंच की! पुतळा उन्हात उभा राहणार! अण्णांनी थोडा वेळ गुडघा चोळला, आणि एकदम ओरडले, “सूर्य! मंगल, सूर्य लिही!”

मग आम्ही लिहिला सूर्य. पूर्वेला ठेव, चित्र काढ. थोडा वर सरकव, चित्र काढ. असा पार मावळेपर्यंत. गावानं पुतळ्याचं तोंड पूर्वेला, रस्त्याकडं ठरवलेलं. तसं ठेवलं तर सकाळी चेहरा सपाट, दुपारी डोळ्यांच्या जागी खड्डे, संध्याकाळी सगळा काळोख. मग अण्णांनी तोंड दक्षिणेला वळवलं. आणि मावळतीच्या उन्हात, तिरका तांबूस उजेड बरोबर उजव्या गालावर! सिदराम!

तसला गुडघा घेऊन अण्णा एस.टी.नं सिदरामाच्या गावी आले, छापलेली चित्रं छातीशी धरून. गाव जमलं होतं. चौथऱ्याचा पाया नुकताच खणलेला. सरपंच म्हणाले, “आवं अण्णा, रस्त्यावरनं येनाऱ्या पाव्हन्याला खांदा दिसंल. आनि दक्षिणंकडं तोंड? ती यमाची दिशा हाय.” लोक कुजबुजायला लागले. अण्णांनी सगळी चित्रं दाखवली, हात जोडले, भांडलेसुद्धा. सरपंच हलेनात.

तेव्हा आक्का उठल्या. म्हणाल्या, “तितं सीमेवर कुनाकडं तोंड करून हुबा व्हता त्यो? यमाकडंच की. आनि पाव्हन्यानं जरा वळसा घालावा.”

पाया परत आखला गेला.

अनावरण संध्याकाळचं ठेवलं. आकाश मोकळं होतं. पण पाहुण्यांचं भाषण संपेना! सूर्य खाली चाललेला, अण्णा माझ्या शेजारी चुळबुळ करतायत, घड्याळ बघतायत. शेवटी उभेच राहिले आणि भर सभेत ओरडले, “साहेब, आटपा! लाईट चाललाय!” लोक हसले, पाहुणेही हसले, आणि कापड ओढलं.

काय सांगू तुम्हाला! ते ऊन, तो गाल. आक्का पुढं गेल्या, मान वर केली, आणि हळूच म्हणाल्या, “जेवलास का रं?”

अण्णांनी माझा खांदा एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. डोळ्यांतून पाणी, तोंडानं हसणं, आणि एकच शब्द. “बघ! बघ! बघ!”

असा हा माणूस. शिडी गेली म्हणून संपला होता, आणि सूर्य हलवायला शिकला. गेल्या आठवड्यात फोन करून म्हणाले, “मंगल, मंडळातल्या पोरांना, पोरींना ही स्क्रिप्ट शिकवू या. सोमवारपासनं.” तो सोमवार अण्णांना मिळाला नाही. तुमच्यापैकी ज्यांना यायचंय त्यांनी माझ्या खोलीवर या. मी शिकवेन. त्यांच्याएवढा आवाज मला निघणार नाही, पण शिकवेन.

आता आपण सगळे उभे राहू या आणि थोडं शांत राहू या. थोडंच. एवढ्या बोलक्या माणसासाठी फार वेळ गप्प राहणं बरं दिसणार नाही.

अण्णा, नमस्कार करते.