विणकामाचे नमुने

— उघडतंय हो, उघडतंय, एवढ्यात कंटाळलात? पूर्वी इंटरनेटवर एक पान उघडायचं म्हणजे फोनची लाईन आधी किरकिर-खरखर करायची, मग चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचं. आधी आभाळ, मग छप्पर, मग दार. माझ्या वहिनीने असंच एक हॉस्पिटल बघितलं होतं, याच दुकानात — पंचवीस वर्षं झाली. नर्सिंग शिकलेली बाई, पण लग्नानंतर आईने आणि दादाने नोकरी करू दिली नाही. आणि मी? मी गप्प बसलो. दुपारी माझा डबा घेऊन यायची, मी जेवेपर्यंत इंटरनेटवर फिरायची. आता कोण फिरतंय? मशीनला विचारायचं, मशीन उत्तर देतं, संपलं. पुढे म्हणे पानं उघडायचीच गरज नाही. पण ते पान उतरेपर्यंत वहिनीला विचार करायला वेळ मिळाला — दार दिसलं तोवर तिचं ठरलं होतं. चेहऱ्यावरच दिसलं मला.

चौथ्या दिवशी ती घरात नव्हती. दादा धावत इथे आला — "ती काय बघायची रे?" हिस्टरी मी आधीच पुसली होती. तोंडाला आलं ते बोललो, विणकामाचे नमुने. झालं! ज्याने कधी माऊसला हात लावला नव्हता, तो दर रविवारी येऊन विणकामाची पानं धुंडाळायला लागला. त्या पानांवर बायका गप्पा लिहायच्या, त्यांत कुठेतरी तिचं नाव सापडेल म्हणून. उलटे टाके, सुलटे टाके, सगळं पाठ झालं त्याला. हसू नका. मला कधी हसू आलं नाही.

तिचं पत्र? आलं ना, महिन्याभरात, मेलवर. "भाऊजी, पोचले. कामाला लागले. ह्यांना सांगू नका." नाही सांगितलं. तिच्या शब्दासाठी — असं मी म्हणतो. खरं म्हणजे आता सांगायचं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, तेही सांगावं लागेल, नाही का?

काल दादाने फोनलाच विचारलं, माझ्यासमोर, मोठ्याने — "माझी बायको कुठे आहे?" फोन गोड आवाजात म्हणाला, माफ करा, ही माहिती माझ्याकडे नाही. दादा म्हणाला, "बघ, ह्यालाही माहीत नाही." गोळी घेतली अन् भिंतीकडे तोंड करून पडला. मी शेजारीच बसलेलो, तिचा पत्ता तोंडपाठ असलेला —

नाही, तुम्ही काही बोलू नका. मी विचारलं का तुम्हाला? झालं ना तुमचं काम? मग निघा. शटर ओढायचंय मला.